मीटरपर्यंत सरकार, मीटरपुढे गरीब!

३१ डिसेंबर २०१३ हा दिवस सोलापूरकरांच्या फारसा स्मरणात नसेल. त्या दिवशी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उरलेल्या देशाच्या वीजजाळ्याला जोडले गेले. 'एक देश, एक ग्रीड' या गाजलेल्या घोषणेची गाठ आपल्या सोलापूरच्या मातीत मारली गेली. १६ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधानांनी सोलापुरात येऊन ही वाहिनी देशाला अर्पण केली. दक्षिण सोलापूरच्या माळावर एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्पही उभा राहिला. म्हणजे वीज तयार करणारेही सोलापूर आणि देशाची वीज जोडणारेही सोलापूर! आता याच सोलापुरातल्या जुन्या वस्त्यांतून एक फेरी मारा. बुधवार पेठेत जा, थोरल्या राजवाड्यात जा, सेटलमेंटच्या बाजूला जा, विडी कामगारांच्या वसाहतीत जा. कितीतरी जुन्या घरांत दाराच्या वर अजूनही लाकडी फळी आहे. फळीवर चिनी मातीचे कटाऊट आहे. कटाऊटमध्ये फ्यूज तारेऐवजी जाड तांब्याचा तुकडा पिळून घातलेला आहे. तीन पिनांच्या प्लगमधले तिसरे भोक रिकामे आहे, कारण घराला अर्थिंगच नाही. देशाची ग्रीड जोडली गेली, पण या घराची अर्थिंगची तार जमिनीला जोडली गेली नाही. ती कोणी जोडायची आणि कोणाच्या पैशाने, हा आमचा आजचा सवाल आहे.

काही वाचक म्हणतील, घरातला मीटर बोर्ड बदलणे हा काय अग्रलेखाचा विषय झाला? आरक्षण, ॲट्रॉसिटी, खासगीकरण असे विषय असताना वायर आणि बटणांवर कसले लिहिता? आम्ही म्हणतो, ज्या विषयात आपली माणसे मरतात तो चळवळीचा विषय असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून अधिक माणसे मेली. ही माणसे वातानुकूलित बंगल्यांत मरत नाहीत. उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरमध्ये अनवाणी पायांनी पाणी ओतणारी बाई मरते. ओल्या हाताने नळावरच्या मोटारीचे बटण दाबणारी मुलगी मरते. पत्र्याच्या भिंतीत उतरलेला करंट लागून पोर मरते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या घरात तेव्हा कूलर ही चैन नसते, म्हातारा माणूस आणि तान्हे मूल जगवण्याचे साधन असते. ते साधनच काळ होऊन बसते, कारण पाठीमागची वायर एका दिव्याच्या हिशेबाने ओढलेली असते.

एका दिव्याचा हिशेब! गरिबाचे घर म्हणजे एक दिवा, हेच या देशाच्या विद्युतीकरणाचे गणित राहिले आहे. १९८८-८९ मध्ये कुटीर ज्योती योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका दिव्याचे कनेक्शन, एवढीच तिची व्याप्ती होती. २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली. २५ सप्टेंबर २०१७ रोजी 'सौभाग्य' जाहीर झाली. तिच्यातही सर्व्हिस वायर, मीटर, एका पॉइंटची वायरिंग आणि एक एलईडी दिवा. तीस वर्षे उलटली, सरकारे बदलली, योजनांची नावे बदलली. पण गरिबाच्या घराचा पॉइंट एकाचा दोन झाला नाही. दिवा लागला हे आम्ही नाकारत नाही. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या चिमणी होती तिथे दिवा लागणे ही मोठीच गोष्ट होती. पण दिव्याखाली राहणारे कुटुंब तिथेच थांबले नाही. त्याने पंखा घेतला, टीव्ही घेतला, मिक्सर घेतला, हप्त्याने फ्रीज घेतला. पोराला अभ्यासाला मोबाईल आणि कॉम्प्युटर आला. शिवणयंत्राला मोटार बसली. आमच्या माणसाने आपल्या घामाने घर पुढे नेले, पण घराचा मीटर बोर्ड मागेच राहिला. दिव्यासाठी ओढलेल्या वायरवर फ्रीज, कूलर आणि इस्त्री एकदम चालू लागली की वायर तापते, आवरण वितळते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार पिळली जाते आणि घराचा शेवटचा राखणदारही संपतो.

आता हे सगळे नीट करायचे तर किती खर्च येतो? हिशेब मांडू या. दोन खोल्यांचे घर धरा. जुना मेन स्विच काढून नवा डबा बसवायचा, दिवे-पंख्यांचे आणि प्लगचे सर्किट वेगळे करायचे, प्रत्येकाला एमसीबी लावायचा, सगळ्यांवर एक आरसीसीबी लावायचा. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची आणि फ्रीज-कूलरच्या प्लगला अडीचची तांब्याची वायर ओढायची. पट्टी, बोर्ड, बटणे घ्यायची. अर्थिंगचा खड्डा खणून पाइप गाडायचा. वायरमनची मजुरी द्यायची. बऱ्या कंपनीचा आरसीसीबी दीड-दोन हजारांच्या आत येत नाही. तांब्याचा भाव चढला की वायरच्या बंडलाचा भाव चढतो. आमच्या ढोबळ अंदाजाने हे काम वीस हजारांच्या आसपास जाते. भिंती फोडाव्या लागल्या किंवा खोल्या जास्त असल्या तर पंचवीस-तीस हजार. विड्या वळून किंवा टॉवेलच्या कारखान्यात राबून घर चालवणाऱ्या बाईला विचारा, वीस हजार म्हणजे किती महिन्यांचे जगणे. ती हा पैसा कुठून आणणार? बचत गटातून, नाहीतर खासगी फायनान्सवाल्याकडून. तिथे कर्ज मिळते ते मुलीच्या लग्नाला, आजारपणाला. अर्थिंगसाठी कर्ज काढणारे घर आम्ही अजून पाहिले नाही. म्हणून काम पुढे ढकलले जाते आणि एक दिवस मरण पुढे येऊन उभे राहते.

इथे एक गोष्ट आमच्या वाचकांनी, विशेषतः भगिनींनी, पक्की ध्यानात ठेवावी. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. दुकानदार सांगतो, 'एमसीबी बसवला, आता चिंता नाही.' हे अर्धसत्य आहे. भार वाढला किंवा शॉर्ट सर्किट झाले की एमसीबी पडतो. पण माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा करंट एवढा थोडा असतो की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणूस मात्र मरतो. घरासाठीचा आरसीसीबी तीस मिलिअँपिअरची गळती होताच क्षणात वीज तोडतो. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर अर्थिंग त्याला जमिनीत नेते आणि आरसीसीबी पुरवठा बंद करतो. ही दोन्ही साधने नसतील तर त्या करंटला जमिनीत जायला एकच वाट उरते, ती म्हणजे आपल्या आईचे, बहिणीचे शरीर.

आता शासन या बाबतीत काय करते ते पाहू. १४ एप्रिल २०२१ रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, राज्यात 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना' सुरू झाली. नितीन राऊत तेव्हा ऊर्जामंत्री होते. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना पाचशे रुपये अनामत भरून, तीही पाच हप्त्यांत, वीज कनेक्शन देण्याची ती योजना होती. बाबासाहेबांच्या नावाने आमच्या घरात वीज यावी, याचे आम्हाला समाधानच आहे. पण अर्जासोबतच्या कागदांची यादी पाहा. जातीचा दाखला, आधार, रहिवासाचा पुरावा आणि परवानाधारक ठेकेदाराने दिलेला घरातल्या वीज मांडणीचा चाचणी अहवाल. म्हणजे अनामत पाचशे, पण ज्या वायरिंगचा अहवाल मागितला ते वायरिंग स्वतःच्या पैशाने करा! अहवाल मागणे चूक नाही, तो सुरक्षेसाठीच आहे. पण ज्याच्याकडे वायरिंगला पैसा नाही तो काय करतो? चार बोर्ड ठोकून कागदावर सही घेतो. मग अहवाल 'सुरक्षित' असतो आणि घर असुरक्षित. योजनेचे नाव जीवन प्रकाश. प्रकाशाची तरतूद झाली, जीवनाची राहून गेली.

दुसरीकडे ज्याच्या डोक्यावर स्लॅबची गच्ची आहे त्याच्यासाठी शासनाचा हात किती सैल आहे तेही पाहा. फेब्रुवारी २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या छतावरील सौर संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवले गेले. त्याच महिन्यात केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. पाच किलोवॅटपर्यंतच्या सौर संचासाठी खांबावरची वायर, ट्रान्सफॉर्मर वगैरे यंत्रणा बळकट करावी लागली तर तो खर्च वीज कंपनीने स्वतः करायचा, असे त्यात आहे. आम्ही सौर विजेच्या विरोधात नाही. पण आम्हाला विचारायचे आहे की, गच्चीवाल्याच्या सौर संचासाठी यंत्रणा बळकट करण्याचा खर्च कंपनीच्या खात्यावर पडू शकतो, तर पत्रेवाल्याच्या कूलरसाठी त्याच्या घरातली वायर बळकट करण्याचा खर्च कोणाच्याच खात्यावर का नाही? ज्याला गच्ची नाही त्याला अनुदान नाही, ज्याला अनुदान नाही त्याला अर्थिंग नाही! युनिट मोजणारा मीटर बदलायला योजना आहे, निधी आहे. कंपनीचा महसूल मोजणारे यंत्र अद्ययावत होते आणि ग्राहकाचा जीव राखणारे यंत्र मात्र बाजारातून विकत घ्यावे लागते, हा कुठला न्याय?

कायद्याची रेषाही अशीच मीटरवर येऊन थांबते. खांबावरून मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची, मीटरपुढची ग्राहकाची. रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने माणूस मेला तर वीज मंडळ जबाबदार, मग तार कोणी का टाकलेली असेना, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २००२ रोजी मध्य प्रदेशातल्या शैल कुमारी प्रकरणात दिला. तोच माणूस चार पावले आत, स्वतःच्या उंबऱ्याच्या आत मेला, तर विद्युत निरीक्षकाच्या चौकशीत अंतर्गत मांडणीतला दोष निघतो आणि प्रकरण मिटते. मेलेला माणूसच आपल्या मरणाला जबाबदार ठरतो! १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जीव गेले. त्यात मालकाच्या घरचे होते, तसे तिथेच राहणाऱ्या कामगाराच्या घरचेही होते. सुरुवातीला शॉर्ट सर्किटचाच संशय सांगितला गेला. जिथे काम तिथेच राहणे, जिथे माग तिथेच चूल, ही सोलापूरची जुनी रीत आहे. अशा शहरात घराची वायरिंग ही खासगी बाब आहे असे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत.

आकड्याचेही बोलले पाहिजे. झोपडपट्टी म्हटली की वीजचोर, असा शिक्का आमच्या वस्त्यांवर मारला जातो. गिरण्या बंद पाडून, कामगारांना रस्त्यावर आणून जे कोट्यवधी थकवून गेले त्यांना कोणी चोर म्हटले नाही. चोर म्हटले ते आकडा टाकणाऱ्या झोपडीला. हा शिक्का आम्ही फेटाळतो. पण आकड्याचे समर्थनही आम्ही करणार नाही, कारण आकड्याने सगळ्यात आधी आपलेच पोर मरते. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये वीज मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला आहे तसाच तिथे राहणाऱ्यालाही आहे. सातबारा नाही, उतारा नाही म्हणून कोणी परत पाठवत असेल तर हे कलम त्याच्यासमोर ठेवा. भार वाढवायचा असेल तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, कोटेशन लेखी मागा, पैसे पावतीशिवाय देऊ नका. सर्व्हिस वायर तुम्हीच बाजारातून आणा, असे तोंडी सांगितले जाते अशा तक्रारी आमच्याकडे येतात. तोंडी सांगणाऱ्याला म्हणा, 'साहेब, लिहून द्या.' तरी दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे.

दाद मागून काही होत नाही, असे समजू नका. राज्य वीज नियामक आयोगाने ८ सप्टेंबर २००६ च्या आदेशाने सर्व्हिस लाइन चार्ज, ओआरसी, मीटरचा खर्च अशा नावांनी होणाऱ्या वसुलीला लगाम घातला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० नोव्हेंबर २०१६ रोजी तिथेही वीज कंपनीचे अपील फेटाळले गेले आणि जानेवारी २००५ ते एप्रिल २००७ या काळात ग्राहकांकडून घेतलेले पैसे परत करण्याची वेळ आली. कायदा वाचणाऱ्या, पावती जपून ठेवणाऱ्या ग्राहकांनी हे घडवले. आमच्या वस्तीतल्या किती घरांनी त्या पावत्या जपल्या होत्या? कागद जपणे हीसुद्धा लढाई असते, हे आम्ही कधी शिकणार?

बाबासाहेबांचे नाव घेऊन हे सांगण्याचा आम्हाला अधिकार आहे, कारण विजेचा प्रश्न बाबासाहेबांचाच आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाटबंधारे ही खातीही त्यांच्याकडे होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीज धोरणाच्या समितीसमोर बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न केवळ यंत्रांचा ठेवला नाही. तो उद्योगांशी जोडला आणि उद्योगांचा प्रश्न इथल्या माणसाला दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडवण्याशी जोडला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. वीज माणसासाठी आहे, माणूस विजेच्या बिलासाठी नाही, अशी ही दृष्टी होती. त्या महामानवाच्या नावाची योजना एका पॉइंटवर आणि पाचशे रुपयांवर अडून राहावी, हे त्या दृष्टीला शोभत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रमाई आवास योजनेत महापालिका हद्दीतल्या घराला अडीच लाखांचे अनुदान मिळते. भिंती उभ्या राहीपर्यंत ते संपते आणि वायरिंगला हातात काही उरत नाही. या अनुदानाबाहेर वायरिंग, आरसीसीबी आणि अर्थिंगसाठी वेगळी रक्कम द्या आणि ती खरोखरची चाचणी झाल्यावरच सोडा. पूर्वीच्या दलित वस्ती सुधार योजनेचा निधी रस्ता, गटार, समाजमंदिर आणि रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंत पोचतो. तो उंबऱ्याच्या आत येऊ द्या. जीवन प्रकाशसारखी योजना नव्या कनेक्शनपुरती न ठेवता जुन्या घरांची वायरिंग आणि भारवाढ यांनाही लागू करा. चाचणी अहवाल गरिबाला मोफत द्या. एलईडी दिवे वीज बिलातून हप्त्याने देता आले, तर आरसीसीबीही महिना पन्नास-शंभर रुपयांच्या हप्त्याने देता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते.

पण सगळे शासनावर सोडून आपण मोकळे होणार असू, तर तेही बाबासाहेबांना पटणारे नाही. सोलापूरची भीमजयंती महाराष्ट्रात गाजते. मंडळे मोठी आहेत, मिरवणुका मोठ्या आहेत, रोषणाई डोळे दिपवणारी आहे. त्या रोषणाईच्या मागच्या गल्लीत एखाद्या घराचा कूलर करंट मारत असेल, तर ती रोषणाई कोणासाठी? आम्ही जयंतीच्या विरोधात बोलत नाही. जयंती हा आमचा श्वास आहे. पण प्रत्येक मंडळाने डीजेच्या खर्चातला दहावा हिस्सा बाजूला काढला आणि दरवर्षी आपल्या वस्तीतल्या दहा घरांना अर्थिंग करून दिली, तर काही वर्षांत त्या वस्तीत असे एकही घर उरणार नाही. आपल्याकडे आयटीआय झालेली पोरे आहेत. वायरमनचा परवाना घ्या, ठेकेदारीचा परवाना घ्या. आपल्या वस्तीचा चाचणी अहवाल आपल्याच पोराने द्यावा आणि त्याखाली सही करताना त्या घरातली म्हातारी आपली आजी आहे हे त्याला माहीत असावे.

उन्हाळा दरवर्षी येतो. दरवर्षी माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. यंदा तो उतरवण्याआधी आपल्या घरातला तिसऱ्या पिनचा प्लग उघडून पाहा. तिथे वायर नसेल, तर हा अग्रलेख तुमच्यासाठीच आहे असे समजा.

जयभीम!